जुन्या गॅस शेगडीचे सुटे भाग

जुन्या शेगडीत सर्वांत आधी बदलायची ती रबरी नळी. शेगडी पुसून लख्ख असली तरी नळी आतून कडक होते, तिला बारीक चिरा पडतात. तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी भारतीय मानक आयएस ९५७३ नुसार बनते. तिचे आयुष्य 5 वर्षे धरतात आणि उत्पादनाचे साल नळीवरच छापलेले असते. रेग्युलेटर बिघडला तर तो वितरकाकडूनच बदलून घ्यावा, बाजारातून विकत आणू नये.

बर्नर निवडताना बाहेरचा व्यास पाहून भागत नाही. खालची बैठक मिक्सिंग ट्यूबवर, म्हणजे गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीवर, घट्ट बसली पाहिजे, नाहीतर तिथूनच ज्वाळा फुटते. पितळी बर्नर महाग, पण उष्णतेने लवकर वाकत नाही; हलक्या मिश्रधातूचा स्वस्त बर्नर थोड्याच काळात झिजतो.

खरी चूक होते ती जेटमध्ये. हा पितळी तुकडा नखाएवढा, पण गॅस किती यायचा ते त्याचे छिद्रच ठरवते. सिलिंडरच्या गॅसचा दाब पाइपच्या गॅसपेक्षा जास्त आणि त्यात उष्णताही अधिक. म्हणून पाइपच्या गॅसला मोठ्या छिद्राचा जेट लागतो. तोच जेट सिलिंडरला लावला तर ज्वाळा उंच, पिवळी होते, भांडी काळवंडतात. छिद्र सुईने कोरून मोठे करणे तितकेच धोक्याचे.

कॉक जड फिरत असेल तर आधी योग्य ग्रीस लावून पाहावे. बंद केल्यावरही गॅस येत असेल तर मात्र अख्खा कॉकच बदलावा. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे, काडी पेटवून कधीही नाही.