वेगाची गाडी आणि गर्दीची गाडी



मी अर्थशास्त्राचा पंडित नाही, इंजिनिअरही नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. पण कामगार संघटनेचे काम करता करता एक सवय लागली. मालकाने ताळेबंद पुढे केला की शेवटची बेरीज पाहून गप्प बसायचे नाही, एकेक रक्कम वाचायची. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. एक पक्ष म्हणतो ही प्रगती, दुसरा म्हणतो ही चैन. या दोन शब्दांनी कोणाचेच ज्ञान वाढत नाही. म्हणून आज आपण तो ताळेबंद वाचू.

या मार्गाची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 रोजी अहमदाबादेत पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते झाली. मार्ग 508 किलोमीटरांचा, स्थानके बारा. त्यांपैकी चार महाराष्ट्रात : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. वेग ताशी 320 किलोमीटर. मोजकेच थांबे घेतले तर सुमारे दोन तासांत अहमदाबाद, असे योजनेत म्हटले आहे. मुंबईच्या बाजूला 21 किलोमीटरांचा बोगदा असून त्याचा सात किलोमीटरांचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो.

आता खर्च. आरंभीचा अंदाज एक लाख आठ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातील सुमारे 81 टक्के रक्कम जपानचे कर्ज. व्याज शेकडा फक्त दहा पैसे, फेड पन्नास वर्षांत, आणि पहिली पंधरा वर्षे हप्ता नाही. ऐकणाऱ्याला वाटते, हे तर फुकटच! पण कर्ज येनमध्ये घेतलेले आहे आणि येनमध्येच फेडायचे आहे. तिकिटाचे पैसे येणार रुपयांत. पन्नास वर्षांत रुपया घसरला तर व्याज तेवढेच राहील, पण मुद्दल फुगेल. उसने घेतलेले धान्य परत मोजताना पायलीच मोठी झाली, तर सवलतीच्या व्याजाचे कौतुक किती करायचे? रुपया घसरेलच असे मी म्हणत नाही. हा धोका आपल्या खात्यावर आहे एवढेच सांगतो.

कर्जाखेरीज भागभांडवल आहे : केंद्राचे दहा हजार कोटी, महाराष्ट्र आणि गुजरात यांचे प्रत्येकी पाच हजार कोटी. मार्गाचा साधारण 156 किलोमीटरांचा भाग आपल्या राज्यात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. वाटा मात्र गुजरातएवढाच.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. या गाडीचे समर्थक सांगतात की जपानने हे स्वस्त कर्ज शिंकानसेनसाठीच दिले. लोकल गाड्यांसाठी ते या अटींवर मिळालेच नसते. हा मुद्दा खरा आहे. शिवाय नवा मार्ग झाला की जुन्या मार्गावरचा भार हलका होईल, असेही ते म्हणतात. याला आधार जपानचाच आहे, म्हणून तिकडची हकीकत थोडक्यात सांगतो.

तोक्यो-ओसाका हा जपानचा जुना लोहमार्ग 1950 च्या दशकात गाड्यांनी तुंबला होता. तेव्हाचे रेल्वेप्रमुख शिंजी सोगो यांनी रुंद रुळांचा निराळा मार्ग बांधायचे ठरवले. विमान आणि मोटार यांच्या जमान्यात रेल्वेवर पैसा कशाला, असे म्हणणारे तिकडेही होते. जागतिक बँकेचे आठ कोटी डॉलरचे कर्ज 1961 साली मिळाले. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि सोगोंना 1963 साली पद सोडावे लागले. 1 ऑक्टोबर 1964 रोजी गाडी सुरू झाली आणि ती पूर्ण यशस्वी ठरली. नवा मार्ग प्रवाशांना, जुना मालगाड्यांना आणि जवळच्या प्रवाशांना, अशी वाटणी झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे राजकीय आग्रहापायी तोट्याचे मार्गही बांधले गेले, आणि जपानी राष्ट्रीय रेल्वेवरचे कर्ज सदतीस लाख कोटी येनांपर्यंत चढले. या कर्जाची कारणे अनेक होती. सगळा दोष वेगवान गाडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1987 साली रेल्वेची वाटणी करून तिचे खाजगीकरण झाले. त्या उलथापालथीत 1,047 कामगार बाहेर राहिले आणि त्यांचा तंटा 2010 पर्यंत चालला. आमच्यासारखा माणूस ताळेबंदात हा आकडाही वाचतो.

आता प्रश्न असा की, जपानात जुना मार्ग मोकळा झाला तसा आपल्याकडे होईल का? आपले नेहमीचे रूळ 1,676 मिलिमीटर रुंदीचे, बुलेट ट्रेनचे 1,435 मिलिमीटरचे. म्हणजे एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाणार नाही. जुन्या मार्गावरचा माणूस तिकीट काढून नव्या गाडीत बसला, तरच जुनी गाडी मोकळी होईल. म्हणून सगळा वाद अखेर तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन थांबतो. भाडे वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या आसपास राहील असे अधिकारी सांगत आले आहेत. त्या भाड्याने विमानाचा उतारू खाली येईल, पहिल्या वर्गाचा पलीकडे जाईल. दुसऱ्या वर्गाचा उतारू आहे तिथेच उभा राहील.

तो कुठे उभा आहे, ते मी रोज पाहतो. तारापूरच्या कारखान्यांतले कामगार वसई-विरारकडून बोईसरला येतात. विरारपासून डहाणूपर्यंतच्या या पट्ट्यात लोकल 2013 साली पोचली, पण रूळ दोनच राहिले. त्याच दोन रुळांवरून लोकल, मेल आणि मालगाडी जायची. मेलला वाट द्यायची म्हणून लोकल बाजूला थांबते, आणि आतला माणूस हजेरीच्या घड्याळाची आठवण काढत राहतो. पाळीला उशीर झाला की पगार कापला जातो. रुळांची अडचण मुकादमाला सांगून भागत नाही.

या टप्प्यावर आणखी दोन रूळ टाकण्याचे काम 2016 साली मंजूर झाले. ज्या योजनेत ते आहे, तीत पनवेल-कर्जत मार्ग, ऐरोली-कळवा जोड आणि नव्या लोकल गाड्याही होत्या. त्या सगळ्याचा मिळून अंदाज 10,947 कोटी रुपये, म्हणजे बुलेट ट्रेनच्या पहिल्या अंदाजाचा दहावा हिस्सा! तरीही ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. यावरून मी असे समजतो की अडचण नुसत्या पैशाची नव्हती, निकडीची होती. ज्या कामाला दोन पंतप्रधान येतात त्याची निकड सर्वांना कळते. ज्या कामाची वाट फलाटावरचा माणूस पाहतो, त्याची निकड त्याच्यापाशीच राहते.

पायाभरणीनंतर पंधराच दिवसांनी, 29 सप्टेंबर 2017 रोजी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. त्या एका वर्षात मुंबईच्या लोकल मार्गांवर तीन हजारांवर माणसे दगावली. या मृत्यूंना बुलेट ट्रेन कारण आहे असे म्हणणे खोटे ठरेल. पण कोणते काम आधी, हा प्रश्न त्या पुलाने विचारला, आणि तो प्रश्न खोटा नाही.

जमिनीचीही एक रक्कम आहे. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांनी ग्रामसभांत विरोधाचे ठराव केले. खाडीकाठची वीस हजारांवर तिवरे तोडायला उच्च न्यायालयाने 2022 साली परवानगी दिली. मोबदला रुपयांत मोजता येतो. पण ज्याच्या शेतावरून पूल जातो त्याला त्या गाडीत बसायला मिळेल का, हे मोबदल्याच्या कागदावर लिहिलेले नसते.

मग आम्ही गाडीच्या विरुद्ध आहोत काय? नाही. खांब उभे राहिले, माणसांनी घाम गाळला. ते मोडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वेग ही वाईट गोष्ट नव्हे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हाही तिच्याविषयी शंका होत्याच. आज तिच्याशिवाय आपली चूल पेटत नाही.

आमचे मागणे तीनच आहे. एक, वाढत्या खर्चाचा आणि परतफेडीचा हिशेब दर वर्षी लोकांच्या भाषेत छापावा. दोन, नव्या गाडीमुळे जुन्या रुळांवर जी जागा मोकळी होईल ती लोकलला देण्याचे वचन आधीच लेखी द्यावे. तीन, बोईसरला बुलेट ट्रेन थांबेल त्या दिवसाच्या आत बोईसरच्या लोकलला तिचे हक्काचे रूळ मिळावेत.

सभेत टाळ्या मिळवणे सोपे आहे. हे तीन प्रश्न लक्षात ठेवून आपल्या प्रतिनिधीला पुन्हा पुन्हा विचारणे अवघड आहे. ते अवघड काम आपण घरी नेले, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.