शाळेचे जुने पत्रे उतरवताना

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या भागातल्या शाळांच्या छपरांना हात लागतो. पावसाआधी काम उरकायची घाई असते. कौले जपून काढतात, कारण ती पुन्हा वापरायची असतात. सिमेंटचे करडे पत्रे मात्र वरूनच खाली टाकले जातात, आणि घात होतो तो तिथेच.

या पत्र्यांत साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा धड असेपर्यंत धोका फारसा नाही. तो फुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात रुतले तर कर्करोग २०-४० वर्षांनीही उद्भवू शकतो. आज बाकावर बसणारी मुले तेव्हा ऐन संसारात असतील. शाळांतील ॲस्बेस्टॉसच्या तपासणीसाठी अमेरिकेने १९८६ मध्येच कायदा केला. आपल्याकडे या पत्र्यांवर बंदी नाही. पण अशा कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याचे भारतीय मानकही १९८६ चेच आहे. किती कंत्राटांत त्याचा उल्लेख असतो, ते मुख्याध्यापकांनाच विचारावे!

एसडीएमसीने एवढे तरी लिहून घ्यावे: पत्रे पाण्याने भिजवून, हुक-बोल्ट सोडवून, अखंड उतरवावेत. कटर नको, कोरडा झाडूही नको. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, मजुरांना योग्य मास्क हवेत. आणि हे सारे त्यांना कन्नडमध्येही समजावून सांगावे. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून ते कुठे न्यायचे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे. गोठ्यावर घालायला किंवा खड्डा बुजवायला कुणी मागितले, तर देऊ नयेत.