पाठलाग करणाऱ्या व्यक्तींची मानसिक वैशिष्ट्ये

एखाद्या व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध तिचा वारंवार माग काढणे किंवा तिच्याशी संपर्क साधत राहणे म्हणजे पाठलाग होय. मनोविकारतज्ज्ञ पॉल म्युलेन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले: नाकारला गेलेला, जवळीक शोधणारा, प्रणययाचनेत अकुशल, सूडभावनेने पेटलेला आणि शिकारी वृत्तीचा. समोरची व्यक्ती आपल्यावर प्रेम करते, असा दृढ भ्रम काहींनाच असतो. अनेकांत मनोविकाराऐवजी नकार न पचणे व दुसऱ्यावर हक्क गाजवणे दिसते.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाठलाग करणाऱ्याने एका प्राध्यापिकेला पेटवून दिले; १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये आरोपीस जन्मठेप झाली. स्त्रीचा पाठलाग करणे २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड नुसार गुन्हा ठरले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे.