हार्ड डिस्क नियंत्रक कार्डावरून संगणकाचा प्रारंभ
मागाहून बसविलेल्या कार्डाला जोडलेल्या हार्ड डिस्कवरून संगणकाची परिचालन प्रणाली सुरू करणे. ही क्रिया आयबीएम पीसी या संगणकाच्या उदाहरणाने चांगली स्पष्ट होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या या संगणकाच्या मुख्य फलकावरील रॉमला (वाचनमात्र स्मृतीला) फ्लॉपी व ध्वनिफीत एवढीच साठवणसाधने ठाऊक होती. फ्लॉपी नसल्यास यंत्र रॉममधील बेसिक भाषेकडे वळे. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती; परंतु ती हाताळणाऱ्या आज्ञा मुख्य रॉममध्ये न घालता नियंत्रक कार्डावरील स्वतंत्र रॉममध्ये ठेवल्या होत्या. मुख्य रॉमने अशा रॉमचा केवळ शोध घ्यावयाचा, ही योजना दूरदृष्टीची ठरली. कारण त्यामुळे पुढे निघालेली कार्डेही जुन्या यंत्रात चालू शकली.

हा शोध सी८००० (षोडशमान) या पत्त्यापासून दर २ किलोबाइट अंतरावर घेतला जातो. पहिले दोन बाइट ५५ व एए असल्यास तेथे रॉम आहे असे मानतात. तिसऱ्या बाइटवरून तिची लांबी ५१२ बाइटांच्या पटीत कळते. सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य उरली, तरच तिच्यातील आज्ञा चालविल्या जातात. या आज्ञा डिस्कसेवेच्या पत्त्याजागी स्वतःचा पत्ता लिहितात व फ्लॉपीची जुनी सेवा दुसऱ्या क्रमांकावर हलवितात. नंतर प्रथम फ्लॉपी व ती नसल्यास हार्ड डिस्कचा पहिला विभाग वाचला जातो.

१९८१ च्या रॉममध्ये कार्डावरील रॉमचा हा शोधच नव्हता. तो २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या आवृत्तीत आला. म्हणून आरंभीच्या यंत्रात निर्दोष कार्ड बसवूनही डिस्क जणू अस्तित्वातच नसते आणि दोष नाहक कार्डाला दिला जातो. रॉमची तारीख एफएफएफएफ५ या पत्त्यावर वाचता येते; कार्ड विकत घेण्यापूर्वी ती पाहणे इष्ट. उपाय म्हणजे रॉमची चकती बदलणे. काढलेली मूळ चकती मात्र यंत्राबरोबर जपून ठेवावी, कारण तीही यंत्राच्या इतिहासाचा भाग आहे. शिवाय पीसीचा वीजपुरवठा ६३.५ वॉट, तर एक्सटीचा १३० वॉट असल्याने जुन्या पद्धतीची डिस्क पीसीला पेलणे कठीण जाते.

मूळ डिस्क निकामी होत चालल्याने संग्राहक आता एक्सटी-आयडीई प्रकारची कार्डे व कॉम्पॅक्टफ्लॅश स्मृतिपत्रे वापरतात. काही जण या कार्डांची रॉम जाल-कार्डावरील मोकळ्या खोबणीत बसवितात. डिस्क एका कार्डाला व तिच्या आज्ञा भलत्याच कार्डावर, तरीही प्रारंभ सुरळीत होतो. दोन रॉमांचे पत्ते मात्र एकमेकांवर येता कामा नयेत.