कुरुमान येथील मॉफट दांपत्य : एका मिशनरी संसाराचे दैनंदिन जीवन

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनरी कार्याचा अभ्यास प्रामुख्याने धर्मप्रसार, शिक्षण, मुद्रण आणि वसाहतवाद या अंगांनी झालेला आहे. मिशनरी ज्या घरात राहत होता त्या घरातील दिवस कसा जात असे, पाणी कोठून येई, कपडे कोण धुई, हे प्रश्न त्या मानाने दुय्यम समजले गेले. दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान येथे सुमारे अर्धशतक वास्तव्य केलेल्या रॉबर्ट आणि मेरी मॉफट या दांपत्याच्या बाबतीत मात्र हे प्रश्न दुय्यम मानता येत नाहीत. त्यांच्या कार्याची पहिली दहा वर्षे पाहिली तर घरकाम आणि धर्मकार्य यांत रेषा ओढणे कठीण जाते.

रॉबर्ट मॉफट (१७९५-१८८३) हा मूळचा स्कॉटलंडमधील. व्यवसायाने तो माळी होता. इंग्लंडमध्ये ज्या रोपवाटिकेत तो कामास होता, तिच्या मालकाची कन्या म्हणजे मेरी स्मिथ. लंडन मिशनरी सोसायटीने रॉबर्टला १८१६ मध्ये आफ्रिकेस पाठविले. मेरीच्या आईवडिलांचा प्रारंभी या विवाहास विरोध होता. पुढे त्यांची संमती मिळाल्यावर ती एकटी समुद्रप्रवास करून केपटाऊनला पोहोचली आणि डिसेंबर १८१९ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतर बैलांच्या गाडीतून कित्येक आठवड्यांचा प्रवास करून हे दांपत्य त्स्वाना भाषकांपैकी बत्लापिंग लोकांच्या प्रदेशात आले. तेथील प्रमुखाचे नाव मोतिबी. १८२४ मध्ये त्याच्या संमतीने मिशनचे ठाणे कुरुमानच्या मोठ्या झऱ्याच्या अधिक जवळ हलविण्यात आले.

पाणी आणि शेती :

कोरड्या प्रदेशात हा झरा म्हणजे आश्चर्यच होय. त्यातून दररोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी बाहेर पडते. मिशनचा भाजीपाला आणि गहू पाटाच्या पाण्यावर अवलंबून होता. नव्या जागी येण्यापूर्वी, नदीच्या खालच्या अंगास ठाणे असताना, हा पाट स्थानिक स्त्रियांच्या शेतांमधून येत असे व त्या तो मध्येच फोडून पाणी आपल्या पिकाकडे वळवीत. मग मिशनऱ्यांनी फावडे घेऊन जावे, पाणी परत वळवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर स्त्रियांनी वरचा बांधच उद्ध्वस्त केला. रॉबर्टने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रसंगांचे वर्णन त्रासाच्या सुरात केले आहे. परंतु त्या स्त्रियांच्या बाजूनेही हा प्रसंग पाहणे आवश्यक आहे. त्स्वाना समाजात गुरे पुरुषांकडे आणि शेती स्त्रियांकडे असे. आपल्याच शेतातून परक्याच्या बागेकडे जाणारे पाणी त्यांनी अडविले, यास चोरी म्हणावे की हक्क, याचे उत्तर वाचकाने ठरवावे. पुढे मिशनने प्रचारात आणलेल्या नांगराने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने बदलला. नांगराला बैल जुंपावे लागत, आणि स्त्रियांनी गुरांना हात लावणे रूढीस मान्य नव्हते. परिणामी शेतीतील पुढाकार हळूहळू पुरुषांकडे सरकला.

अवर्षणाच्या काळात तर घरातील साध्या वस्तूही संशयास पात्र ठरत. प्रार्थनेची घंटा ढगांना घाबरविते, रॉबर्टने आणलेल्या मिठाच्या पोत्यामुळे पाऊस पळाला, असे आरोप पर्जन्यविद्या जाणणाऱ्या मांत्रिकाच्या प्रभावाखाली होत असत.

घर आणि मेरीचे श्रम :

प्रारंभीचे घर साधे, मातीच्या जमिनीचे होते. जमीन शेणाने सारविण्याची स्थानिक पद्धत मेरीला प्रथम किळसवाणी वाटली. तथापि थोड्याच काळात तिने माहेरी लिहिले की, आठवड्यातून एकदा तरी सारवण केल्यावाचून तिला चैन पडत नाही व शनिवारची वाट पाहवत नाही. धूळ बसते, पिसवा मरतात, आणि रंगही सुंदर दिसतो. ज्यांच्या घरी अंगणात आजही सडा-सारवण होते त्या मराठी वाचकास या पत्राचे नवल वाटणार नाही. ते वाचून इंग्लंडमधील तिच्या आईला काय वाटले असेल, याची मात्र कल्पनाच केलेली बरी.

रॉबर्ट बागकामाबरोबर सुतारकाम, लोहारकाम करी. लोहाराचा भाता त्याने स्वतः सुधारून बनविला होता. मेरीचे काम याहून कमी नव्हते. भाकरीसाठी धान्य दळविणे, दूधदुभते, आजाऱ्यांची शुश्रूषा, पाहुण्यांचा राबता, आणि या सर्वांत दहा बाळंतपणे. तिने मुली व स्त्रियांसाठी शिवणवर्ग चालविला. त्स्वाना लोक अंगाला चरबी व लाल माती लावीत. सुती कपडे आल्यावर हीच चरबी साबणाकडे वळली. पुढे वाचन शिकलेले लोक रात्री वाचण्यासाठी तिच्या मेणबत्त्या करू लागले आणि वातीसाठी चिंध्या मागू लागले. साक्षरतेचा इतिहास लिहिताना या चिंध्यांची नोंद सहसा होत नाही.

भाषा, मुद्रण आणि एकाकीपण :

आरंभी रॉबर्ट डच भाषेत बोले व दुभाषा त्याचे भाषांतर करी. त्यातील चुका ध्यानी आल्यावर १८२७ मध्ये तो सुमारे दहा आठवडे बारोलोंग लोकांमध्ये जाऊन राहिला व सेत्स्वाना बोलू लागला. त्या काळात ठाण्यावरील घर मेरीने सांभाळले. पुढेही मझिलिकाझी राजाच्या भेटीसाठी तो वारंवार दूर गेला, तेव्हा पतीची खबर येईपर्यंत वाट पाहणे हेच तिच्या वाट्यास आले. मुलांचे शिक्षण हा आणखी एक कठीण प्रश्न होता. मेरी आणि अॅन या मुलींना दूर केप वसाहतीतील सेलम येथील शाळेत ठेवावे लागले.

पहिले बाप्तिस्मे १८२९ मध्ये झाले, म्हणजे विवाहानंतर तब्बल दहा वर्षांनी. एकही अनुयायी नसताना मेरीने इंग्लंडमधील मैत्रिणीस प्रभुभोजनाची भांडी पाठविण्यास कळविले होते. ती भांडी नेमकी पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पोहोचली. लूककृत शुभवर्तमान १८३० मध्ये केपटाऊनला छापले गेले. तेथेच रॉबर्ट मुद्रण शिकला व १८३१ मध्ये कुरुमानला छापखाना आला. नवा करार १८४० मध्ये लंडनला, तर जुना करार १८५७ पर्यंत कुरुमानलाच छापून पूर्ण झाला.

१८३९ ते १८४३ हा ब्रिटनमधील कालखंड वगळता मेरीने आपले उर्वरित आयुष्य आफ्रिकेतच काढले. थोरली कन्या मेरी १८४५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी विवाहबद्ध झाली व १८६२ मध्ये झांबेझीच्या काठी मरण पावली. १८७० मध्ये वृद्ध दांपत्याने कुरुमान सोडले. इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८७१ मध्ये, मेरीचे निधन झाले. रॉबर्ट आणखी बारा वर्षे जगला. त्यांच्या पुत्राने १८८५ मध्ये जे चरित्र प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकात त्याने आईवडील दोघांचीही नावे घातली.