गाडीशिवाय ऑशकॉश: तंबू, पाठपिशवी आणि शिवाजी पार्कचा धडा

मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे सुटलं ते इथे भरलंय आणि मधल्या चहाच्या गप्पा गाळल्यात.

जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. आपल्यापैकी बरेच जण चर्चगेटला उतरून चालत गेले, कठड्यावर बसून सूर्यकिरणची विमानं बघितली आणि लोकलने घरी आले. त्यावर बोललो, तेव्हा गिरगावातल्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, ऑशकॉशला जायचंय. पण मला गाडी चालवता येत नाही आणि तिथलं हॉटेल परवडणार नाही. मग विषय सोडून द्यायचा का?"

नाही सोडायचा. मी लालबागचा, लायसन्स आजही नाही, आणि तिथे तंबूत राहून आलोय. कसं जमतं ते सांगतो.

आधी ऑशकॉश म्हणजे काय ते बघू. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे छोटं शहर. एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही १९५३ साली स्थापन झालेली संस्था. घरी विमान बांधणाऱ्यांची. आपल्या अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ साली ते बीकेसीत लोकांनी पाहिलं. तशा वेडाच्या माणसांचं हे माहेरघर. त्यांचा मेळा १९७० पासून कायमचा ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो, जुलैच्या शेवटी, आठवडाभर. आता त्याला एअरव्हेंचर म्हणतात. दहा हजारांहून जास्त विमानं उतरतात. २०२४ साली सुमारे ६ लाख ८६ हजार लोक आले होते. एवढे लोक त्या गावातल्या हॉटेलांत मावणं शक्यच नाही. म्हणून हजारो लोक तंबूत राहतात: विमानाने आलेले आपल्या विमानाच्या पंखाखाली आणि बाकीचे कॅम्प स्कॉलर नावाच्या मैदानावर.

कॅम्प स्कॉलरची रचना गाडीवाल्यांसाठी आहे. पण पायी आलेल्याला तिथे मनाई नाही. ईएएचं सभासदत्व घ्यायचं, जागेचे पैसे भरायचे, बस. त्या वर्षीचे नियम आणि किमान किती रात्रींचे पैसे भरावे लागतात, ते त्यांच्या अधिकृत पानावर बघून घ्या, कारण ते बदलतात.

आता मुद्द्याचं. तंबूत राहणाऱ्यासाठी गाडी पाच कामं करते. ती आणते-नेते, सामान ठेवते, स्वयंपाकघर होते, फोन चार्ज करते आणि पावसात छप्पर होते. गाडी नसेल तर ही पाचही कामं कोण करणार, हे मुंबईतून निघायच्या आधी ठरवायचं. एवढं जमलं की झालं.

आणि हे आपल्याला नवीन नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर अभिवादनाला लाखो लोक दादरला येतात. बहुतेक जण रेल्वेने किंवा एसटीने येतात, शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. तो काही सहलीचा कॅम्प नव्हे, त्याची तुलना विमानमेळ्याशी होणारच नाही. पण व्यवस्था म्हणून नीट बघा. मैदानात निवारा मंडप, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, मोबाइल चार्जिंग, अन्नदान, आणि सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे गाडीची कामं महापालिका, संस्था आणि कार्यकर्ते वाटून घेतात. २०१७ साली ओखी वादळामुळे ऐन ५ डिसेंबरला पाऊस आला, तेव्हा लोकांसाठी जवळच्या महापालिका शाळा उघडल्या. छप्पर कुठलं, हे कुणालातरी माहीत असावं लागतं. ऑशकॉशला ते तुम्हालाच माहीत करून घ्यावं लागेल.

काम पहिलं: ने-आण. ऑशकॉशला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. सर्वांत जवळचा विमानतळ ॲपलटन, साधारण ३० किलोमीटरवर. तिथवर तिकीट परवडलं तर उत्तम. उरलेल्या अंतराला टॅक्सी करता येते. नाही तर शिकागोला उतरा. ओहेअर विमानतळावरून ब्ल्यू लाइन ही तिथली लोकल पकडायची, क्लिंटन स्टेशनला उतरायचं, तिथून युनियन स्टेशन चालत काही मिनिटांवर. मग हायावाथा गाडीने दीड तासात मिलवॉकी. पुढे ॲमट्रॅकला जोडलेली बस ऑशकॉशला जाते. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा आणि विमानाचं तिकीट नंतर काढा. दुपारपर्यंत पोचायचा बेत ठेवा. तिथे जुलैत साडेआठपर्यंत उजेड असतो, पण अनोळखी मैदानात तंबू ठोकायला तोही कमी पडतो. आत गेल्यावर मैदानावरच्या बस फुकट फिरतात. म्हणून जागा निवडताना धावपट्टीपेक्षा बसचा थांबा, नळ आणि न्हाणीघर जवळ आहे का ते बघा.

काम दुसरं: सामान. माझी कसोटी साधी आहे. भरलेली पिशवी पाठीवर घ्या, चिंचपोकळी स्टेशनवरून लालबाग मार्केटपर्यंत न थांबता चाला, मग संध्याकाळी दादरचा पूल चढा. मध्ये टेकवावी लागली, तर काहीतरी काढा. दोन माणसांचा तंबू अडीच-तीन किलोंत मिळतो. पातळ गादी, हलकी झोपपिशवी, एक जॅकेट (पहाटे चांगलाच गारवा असतो), दोनच जोड कपडे, टोपी आणि मळलेले, पायात बसलेले बूट. नवे बूट नकोत. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते. पासपोर्ट आणि पैसे तंबूत ठेवायचे नाहीत, अंगावर ठेवायचे. झोपतानाही.

काम तिसरं: पोट. गॅसची डबी विमानात चालत नाही, चेक-इनमध्येसुद्धा नाही. तेव्हा चूल विसरा. मैदानात दुकानं आहेत, गरम खाणंही मिळतं, पण तीन वेळ विकत खाल्लं तर पाकीट रिकामं होईल. लालबागच्या चिवडा गल्लीतून पाकीटबंद चिवडा आणि सुकी भेळ न्या, सोबत दशम्या. फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, आणि उतरल्यावर कस्टमला खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. सांगितलं तर दंड होत नाही, लपवलं तर होऊ शकतो.

काम चौथं: वीज. मैदानावर चार्जिंगच्या जागा आहेत, पण तिथे रांग असते आणि फोनपाशी थांबावं लागतं. एक मोठी पॉवर बँक पुरते. ती हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या सामानात तिला परवानगी नाही. तिथला प्लग वेगळा असतो, ॲडॉप्टर इथूनच घ्या.

काम पाचवं: छप्पर. यात हयगय नको. आपल्याकडे २६ जुलै म्हटलं की २००५ आठवतं. तिकडेही जुलैच्या शेवटी वादळी पाऊस येतो. २०१० साली मैदानात इतका चिखल झाला की तंबूंचे हाल झाले आणि कित्येक विमानांना उतरायला जागा उरली नाही. पाण्यासाठी उपाय आहे: तंबूखालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान कापा. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या खाली येतं. पिशवीच्या आत कचऱ्याची जाड काळी पिशवी अस्तरासारखी लावा. जूनमध्ये चाळीच्या गच्चीवर एक रात्र तंबू लावून बघा. शेजारी हसतील, हसू दे.

पण विजेसाठी तंबूत उपाय नाही. कापड आणि ॲल्युमिनियमच्या काड्या विजेपासून वाचवत नाहीत. गाडीवाला गाडीत जाऊन बसतो. तुम्हाला पक्की इमारत हवी. म्हणून पहिल्या दिवशी, उजेड असतानाच, सर्वांत जवळची पक्की इमारत कुठली ते शोधा आणि तिथपर्यंत एकदा चालून बघा. किती मिनिटं लागली ते लक्षात ठेवा. गडगडाट ऐकू आला की निघायचं, पाऊस सुरू होण्याची वाट बघायची नाही. दुसरं, शेजारच्या तंबूवाल्यांशी ओळख करा आणि सरळ विचारा, "वादळ आलं तर तुमच्या गाडीत बसू का?" तिथलं वातावरण चाळीसारखं असतं. एक डबा चिवडा पुढे केला की आठवड्याचे शेजारी मिळतात.

हे सगळं झेपणार नाही असं वाटलं, तर तिथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात त्या आठवड्यात खोल्या मिळतात. त्यात कमीपणा काही नाही. पण मग रात्रीच्या प्रात्यक्षिकांनंतर, म्हणजे बुधवारी आणि शनिवारी, परतीच्या बसची वेळ बघावी लागते. तंबूवाला मात्र चालत चालत झोपायला जातो, आणि पहाटे पहिल्या विमानाच्या आवाजानेच उठतो.

तर गिरगावकर दादा, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आधी घ्या, ती मिळायला वेळ लागतो. तोवर कागदावर पाच कामं लिहा आणि प्रत्येकापुढे तुमचं उत्तर. पाचव्यापुढची जागा रिकामी असेल, तर तिकीट काढू नका. ती भरली की खुशाल काढा.

पुढच्या भागात व्हिसा आणि खर्चाचा हिशेब. प्रश्न पाठवत राहा.