तुणतुण्यापासून ऑक्टोपॅडपर्यंत : नारायणगावच्या तमाशा-फडांतील बदलता वाद्यमेळ

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील गावांप्रमाणेच दूरच्या जिल्ह्यांतील गावकरीही आपल्या यात्रेतील खेळाची सुपारी देण्यासाठी येथे येतात. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड याच गावचा. आणि राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच घराण्यातील. तमाशातील गण, गौळण, बतावणी व वग या अंगांची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. त्या मानाने फडाच्या नादाकडे लक्ष कमी गेले. हा नाद कसा बदलला आणि त्या बदलात नेमके काय पणाला लागले आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ढोलकीच्या फडाचा जुना वाद्यमेळ म्हणजे ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज व कडे. यांतील तुणतुणे सर्वांत साधे, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी मढविलेले कातडे, बाजूला उभी काठी, आणि कातड्यातून निघून काठीवरील खुंटीला बांधलेली एकच तार. इतकीच त्याची रचना. परंतु त्याची कामे तीन आहेत. पहिले, गायकाला आधारस्वर देणे. दुसरे, तारेवरील छेडीच्या आघातांनी लय धरून ठेवणे. तिसरे काम वाद्याचे नव्हे, वादकाचे. तुणतुणे धरणारा बहुधा स्वतःच झीलकरी असतो. मुख्य गायकाने सोडलेली ओळ तो उंच स्वरात उचलतो व लांबवितो. स्वर, लय आणि झील ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या कानाशी बांधलेली असल्यामुळे गायकाने एखादी जागा लांबविली तर सारा मेळ तिच्याबरोबर थांबू शकतो.

या मेळाचा नाद तीक्ष्ण व उंच का, याचे उत्तर रसिकतेइतकेच परिस्थितीतही शोधावे लागेल. खेळ उघड्या माळावर, रात्री, शेकडो माणसांच्या गलबल्यात होत असे. तेथे मंद्र स्वर विरून जातो. उंच पट्टीतील आवाज, हलगीचा कडकडाट आणि कड्याची खणखण मात्र दूरवर पोहोचते. ढोलकीची शाईची बाजू गायकाच्या स्वरात चढवून लावण्याची रीत याच गरजेशी सुसंगत आहे.

ध्वनिक्षेपक आल्यावर ही गरज संपली, आणि वाद्यमेळातील पुढील सर्व बदलांचे मूळ येथे आहे. आवाज दूर नेण्याचे काम यंत्राने पत्करताच मंद्र स्वरांना प्रथमच जागा मिळाली. पेटीने आधारस्वराचे काम घेतले. पुढे जपानी विद्युत्-वाद्ये आली. कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० साली, तर रोलँड कंपनीचे आठ पृष्ठांचे ऑक्टोपॅड १९८५ साली बाजारात आले. त्यानंतरच्या काळात अशी वाद्ये फडांतून रुळली. चित्रपटगीतांची मागणी वाढली होती आणि ती गीते तशीच वाजविण्यास ही वाद्ये सोयीची होती. खर्चाचाही विचार होता : एका कीबोर्डातून अनेक वाद्यांचे आवाज निघतात. २०२० व २०२१ साली यात्राच बंद राहिल्या, तेव्हा आधीच तुटपुंज्या मिळकतीवर चालणाऱ्या फडांना ही काटकसर अधिकच निकडीची झाली.

येथे पाश्चात्त्य संगीतातील एक समांतर उदाहरण उद्‌बोधक ठरेल. लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या समूहाने १९७६ साली स्थापिलेल्या ध्वनिमुद्रण-संस्थेच्या नावावरून ‘इंडस्ट्रियल’, म्हणजे औद्योगिक, संगीत ही संज्ञा रूढ झाली. याच परंपरेत पुढे मोडणारा शिकागोचा ‘मिनिस्ट्री’ हा समूह १९८३ च्या पहिल्या संग्रहात सिंथेसायझरवरील नृत्यगीते वाजवीत होता. १९८८ व १९८९ च्या संग्रहांत त्याने यंत्राच्या ठोक्यांवर कर्कश गिटार चढविली. या गिटारीचे काम रागदारीच्या अर्थाने गाण्याचे नाही. एकच लहान आकृती पुनःपुन्हा वाजवून ती लयही धरते व आधारनादही देते. म्हणजे कार्याच्या दृष्टीने ती आपल्या तुणतुण्याचीच दूरची बहीण होय. फरक दिशेचा आहे. तेथे यंत्र आधी होते आणि तार मागाहून आली. नारायणगावच्या फडांत तार आधी होती आणि यंत्राने तिची जागा घेतली.

यंत्राने ही जागा घेताना तुणतुण्याची कामे मात्र वाटून टाकली. आधारस्वर कीबोर्डाकडे गेला, लय ऑक्टोपॅडकडे गेली, आणि झीलकऱ्याच्या आवाजाची व्याप्ती ध्वनिक्षेपकाच्या प्रतिध्वनीने भरून काढली. प्रत्येक काम सुटे पाहिले तर पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात व अचूक होते. तथापि कीबोर्डात आधीच भरलेला ठेका लावला की तो गायकासाठी थांबत नाही; गायकालाच त्याच्यामागे जावे लागते. साथ करणाऱ्याचे ऐकणे हा या कलेचा गाभा होता, आणि पणाला लागले आहे ते हे ऐकणे. वाद्य विजेवर चालते की कातड्यावर, हा प्रश्न दुय्यम होय. ऑक्टोपॅड हातांनीच वाजविले जाते. कसलेला वादक त्यावरही गायकाची वाट पाहू शकतो.

यास पुष्टी देणारी गोष्ट म्हणजे ढोलकी टिकून आहे. गण, गौळण व लावणी यांतून तिला बाजूस सारणे फडांना साधलेले नाही, कारण नाचणारीच्या पायांशी होणारा तिचा सवाल-जबाब आधी भरून ठेवता येत नाही. जेथे ऐकून उत्तर द्यावे लागते तेथे माणूस टिकला. जेथे केवळ नाद पुरवायचा होता तेथे यंत्र आले.

विभागातील विद्यार्थ्यांपुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. वगांच्या संहिता कागदावर राहू शकतात. झील राहत नाही. येत्या हंगामात नारायणगावच्या राहुट्यांत आणि जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत जाऊन कोणते वाद्य कोणत्या प्रसंगी वाजते, स्वर कोण ठरवितो आणि लय कोण कोणासाठी सोडतो, याची ध्वनिमुद्रणासह नोंद करावयास हवी. तुणतुण्यावर झील धरणारी माणसे अद्याप भेटतात तोवरच हे काम होण्यासारखे आहे.